चार पट्ट्या चेपल्या म्हणून अख्खं शटर का बदलायचं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत गॅरेजच्या दरवाजांवर जो लेख आला तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. त्यात सरळ लिहिलंय की शटरला मार बसला, वाकलं किंवा गंजलं तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, जुनं पूर्ण काढा आणि मोटरचं बसवून घ्या. बाजूलाच तसल्या शटरची मोठी जाहिरात होती. जाहिरातीला माझी हरकत नाही, पेपर चालवायला पैसे लागतातच, पण लेखातलं लोक खरं धरून चालतात हो, आणि तो लेख हातात घेऊन आमच्या गल्लीत एका माणसाकडून चोवीस हजार मागितले गेले.

मी काय मिस्त्री नाही, पण माझ्या वडिलांची कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड होती, ग्रिल, गेट, शटर, पत्र्याची शेड असली कामं, आणि लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं तिथला हिशोब मी लिहायचे. कुठल्या कामाला किती लोखंड लागलं, किती मजुरी गेली, भंगार किती निघालं, कुठलं गिऱ्हाईक सहा महिन्यात परत आलं आणि का आलं, हे सगळं वहीत माझ्याच हातचं. त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

तर झालं असं. आमच्या शेजारच्या बंगल्याला खाली गॅरेज आहे, 9 बाय 8 चं साधं हाताने ओढायचं शटर. सकाळी भाजीचा टेम्पो गल्लीत वळवताना रिव्हर्समध्ये मागचा कोपरा शटरवर बसला. खालच्या पाच पट्ट्या आत गेल्या, लॉकपट्टी, म्हणजे सगळ्यात खालची कुलपाची जाड पट्टी, डावीकडे वाकली, कुलूप अडकलं, शटर गुडघ्यापर्यंत वर यायचं आणि तिथंच तिरकं होऊन थांबायचं. शेजाऱ्यांनी एका दुकानातून माणूस बोलावला, त्याने खाली वाकून बघितलं पण नाही, टेप लावली, 72 स्क्वेअर फूट म्हणाला, आणि नवीन शटरचं 24,000 चं कोटेशन दिलं. ते कोटेशन आणि तुमची पुरवणी, दोन्ही त्या टेम्पोवाल्यापुढे धरलं. तो माणूस मार्केट यार्डातून भाजी उचलून गल्लोगल्ली विकणारा, गाडी हप्त्यावर, तो नुसता बघतच राहिला. चूक त्याचीच होती, तो नाकारत पण नव्हता, भरून देतो म्हणत होता. पण भरून द्यायचं म्हणजे नुकसान झालं तेवढं, की शेजाऱ्यांचं बारा-पंधरा वर्षांचं जुनं शटर त्याच्या पैशाने कोरं करायचं?

शटर म्हणजे एक अखंड पत्रा नव्हे, हे आधी लोकांना कळायला पाहिजे. तीन इंचाच्या आसपास रुंदीच्या पट्ट्या असतात, प्रत्येकीची वरची आणि खालची कड वळवलेली, आणि त्या वळणात दुसरी पट्टी बाजूने सरकवलेली असते, चटईच्या काड्यांसारखी. आठ फुटी दरवाजाला गुंडाळलेल्या धरून पस्तीसेक पट्ट्या. दोन्ही टोकांना एक आड एक पट्टीला क्लिपा असतात, पट्टी आडवी सरकू नये म्हणून. सगळ्यात खाली जाड लॉकपट्टी. दोन बाजूला गाईड, म्हणजे ती चॅनेल ज्यात शटर वरखाली होतं. वर बॉक्समध्ये पाईप आणि पाईपवर स्प्रिंगा, ज्या शटरचं वजन तोलून धरतात. यातली प्रत्येक वस्तू वेगळी निघते, वेगळी मिळते, वेगळी बसते. रचनाच अशी केलीय की खराब झाली ती पट्टी काढायची आणि नवी घालायची. अहो आपल्याकडे याचं सरकारी मानक आहे, आयएस 6248, 1979 चं, त्यात पट्टी कशी, गाईड कसं, स्प्रिंग कसली हे एकेक भागाचं वेगळं दिलंय, म्हणजे मानक लिहिणाऱ्यांनी पण शटर भागाभागानेच बघितलं.

मी शेजाऱ्यांना म्हटलं एक दिवस थांबा, मिरजेचे आमच्या शेडवरचे जुने मिस्त्री आहेत, त्यांना बोलावते. त्यांनी आल्याआल्या पट्ट्यांकडे बघितलंच नाही, खिशातून ओळंबा काढला आणि डाव्या गाईडला लावला. मी मुद्दाम हे सांगतेय कारण नव्वद टक्के लोक पोचा बघतात, जो दिसतो, आणि निर्णय त्यावरून घेतात. खरं दुखणं गाईडमध्ये असतं. गाईड जर सरळ असेल, भिंतीतून सुटलेलं नसेल, तर पट्ट्या कितीही चेपलेल्या असू देत, काम छोटं आहे. गाईड पिळलं गेलं असेल तर नव्या कोऱ्या पट्ट्या घालून पण शटर अडकणारच, मग ते एका बाजूचं गाईड बदलायचं, ते पण फार खर्चाचं नाही, पण कळलं पाहिजे आधी. इथं गाईडचं तोंड तेवढं खाली दीड-दोन इंच दबलेलं होतं, ते त्यांनी ठोकून, आत सळई घालून उघडलं.

मग स्प्रिंग. याची तपासणी कोणीही करू शकतं, मार बसलेला नसताना सुद्धा वर्षातून एकदा करावी. शटर हळूहळू कमरेपर्यंत उचलायचं, हात पूर्ण न काढता फक्त जोर कमी करायचा. जागेवर राहिलं किंवा अगदी थोडं हललं तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग ढिली पडलीय किंवा एखादी तुटलीय, आणि आपणहून झपकन वर पळालं तर ताण जास्त दिलाय. 72 स्क्वेअर फुटाचं अठरा गेजचं (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) शटर म्हणजे पट्ट्यांचंच वजन शंभर किलोच्या आसपास जातं, ते स्प्रिंगवर तोललेलं असतं म्हणून बाई माणूस एका हाताने उचलते. ढिली पडलेली स्प्रिंग असेल तर मिस्त्री एखादा फेरा जास्त चढवून देतो, तुटलेली असेल तर तेवढी बदलतो. स्प्रिंग गेली म्हणून शटर गेलं असं होत नाही.

तिसरा गंज. आणि इथं मात्र मी डोळे झाकून दुरुस्तीच करा म्हणणार नाही. शटर खालून गंजतं, पावसाचं उडणारं पाणी, अंगण धुतलेलं पाणी त्या वळवलेल्या कडेत साचतं, वर रंग छान दिसतो आणि आतून पत्रा खाल्लेला असतो. एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि खालच्या पट्ट्यांच्या कडेला दाबून बघा, टोक आत गेलं तर ती पट्टी संपली. असं करत वर वर या. खालच्या पाच-सात पट्ट्यांत टोक जातंय आणि वर पत्रा टणक आहे, तर खालच्या बदला, लॉकपट्टीसकट, आणि पुढची कित्येक वर्षं बघायला नको. पण मधल्या, वरच्या, बॉक्समध्ये गुंडाळलेल्या पट्ट्यांत पण टोक जायला लागलं तर मग दुरुस्तीला पैसे घालू नका, आज पाच बदलाल, पुढच्या पावसाळ्यात आठ.

सांगलीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची, मारुती चौक, हरभट रोडची दुकानं कित्येक दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर एकही शटर उघडत नव्हतं, आणि तेव्हा घाबरून अनेकांनी चांगली शटरं कापून भंगारात घातली. खरं तर बऱ्याच ठिकाणी नुसता गाईडमध्ये गाळ घट्ट बसला होता. ज्यांनी धीर धरला, गाईडमध्ये पाण्याचा जोराचा फवारा मारून गाळ काढला, पट्ट्या वाळवल्या, गंज थांबवणारा रेड ऑक्साईडचा हात मारून परत रंगवलं, त्यांची शटरं पुढे चालली. पण जिथं पाणी वरच्या बॉक्सपर्यंत चढलं होतं तिथं गोष्ट निराळी, स्प्रिंग उच्च कार्बनच्या पोलादाची असते, तिला गंजाचे खड्डे पडले की ती कधी तुटेल सांगता येत नाही. अशा ठिकाणी वडील स्प्रिंग बदलल्याशिवाय शटर ताब्यात देत नव्हते, गिऱ्हाईकाने कितीही हुज्जत घातली तरी. 2021 च्या जुलैत परत पूर आला तेव्हा हेच सगळं परत. तुमच्या लेखात पुराचा एक शब्द नाही, आणि पेपर निघतो सांगलीतून.

शेजाऱ्यांच्या शटरचं सांगते. गाईड बरं, स्प्रिंग बरी, गंज नावालाच. मिस्त्रींनी लॉकपट्टी सोडवली, एका बाजूचं गाईड खोललं, टोकाच्या क्लिपा काढल्या आणि खालून एकेक पट्टी बाजूला सरकवत बाहेर काढली. चेपलेली पट्टी सहज सरकत नाही, पोचा वळणात अडकतो, तिथं ग्राइंडरने ती मधोमध कापून दोन तुकडे करून काढली, शेजारच्या चांगल्या पट्टीच्या कडेला धक्का न लागू देता, आणि बघण्यासारखं काम ते होतं, ग्राइंडरची चकती वळणापासून बोटभर लांब थांबवायची आणि उरलेलं पक्कडीने पिरगळून तोडायचं. इथं शटर भिंतीच्या आतल्या अंगाला लावलेलं होतं म्हणून पट्टी सरकवायला बाजूला जागा मिळाली. दोन खांबांच्या मध्ये बसवलेलं असेल तर बाजूला जागाच नसते, मग पूर्ण पडदा गाईडमधून काढून खाली अंथरावा लागतो, मजुरी वाढते. मिस्त्रीला बोलावायच्या आधी आपलं शटर कुठल्या प्रकारे बसवलंय ते बघून ठेवा, फोनवरच अंदाज मिळेल.

पट्टी आणताना पण डोकं लावावं लागतं. प्रत्येक मशीनचं वळण थोडं निराळं असतं, दिसायला सारखीच पण जुन्या पट्टीत सरकतच नाही, किंवा सरकते पण इतकी ढिली बसते की वाऱ्यात वाजत राहते. म्हणून जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्यायचा आणि तिथंच घालून बघायचं. गेज पण तेच घ्यायचं. अठरा गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, वीस गेज म्हणजे 0.9, हाताला फरक लगेच कळत नाही, पण वीसची पट्टी स्वस्तात मिळाली म्हणून अठराच्या शटरला खाली लावली तर पुढच्या वेळी मुलांचा बॉल लागला तरी पोचा पडेल. आणि सगळ्यात वाईट दुरुस्ती म्हणजे चेपलेल्या भागावर बाहेरून पत्र्याचं ठिगळ वेल्ड करणं. दोन पट्ट्या एकमेकींना वेल्ड केल्या की तिथं शटर वळतच नाही, वर गुंडाळताना बॉक्समध्ये अडकतं आणि वजन वाढल्यामुळे स्प्रिंगचा तोल पण जातो. असलं काम करून देणारे आहेत आणि त्यांच्यामुळेच लोक म्हणतात की दुरुस्ती टिकत नाही.

एकूण खर्च 3,800 रुपये. पाच पट्ट्या, लॉकपट्टी सरळ करून परत बसवणं, क्लिपा, मजुरी, रंगाचा हात. दुपारी जेवणाच्या आत काम संपलं. टेम्पोवाल्याने तिथंच पैसे दिले. शेजाऱ्यांची एकच तक्रार राहिली, की नव्या पट्ट्यांचा रंग जुन्या रंगाशी जुळत नाही. खरं आहे ते, उन्हाने उडालेल्या रंगाशी नवा रंग जुळतच नाही, ज्याला खटकत असेल त्याने पूर्ण शटर रंगवून घ्यावं, पण तो खर्च आपला, टेम्पोवाल्याचा नव्हे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि मी त्यांना तोंडावर तसं म्हटलं.

मोठं नुकसान असेल, गाईडसकट भिंतीचा कोपरा गेला असेल, तर गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान धरलेलं असतं, चारचाकीला साडेसात लाखांपर्यंत, पण त्यासाठी पोलिसात नोंद, पुढे ट्रायब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, हे सगळं आलं. चार-पाच हजारासाठी तिकडे कोण जात नाही. म्हणूनच गल्लीत जो आकडा ठरतो तोच शेवटचा असतो, आणि तो आकडा एका कोटेशनवर ठरू नये.

कोटेशनबद्दल अजून एक. जुनं शटर आम्ही फुकट घेऊन जातो, तुम्हाला काढायचा त्रास नाही, असं म्हणतात ना, ते फुकट नसतं. शंभर किलो लोखंड आहे ते, भंगाराचा भाव किलोला तीस धरला तरी 3,000 रुपये झाले. माझ्या वहीत भंगाराचं पान वेगळं असायचं आणि वडील ती रक्कम गिऱ्हाईकाच्या बिलातून वजा करायचे. आज किती जण करतात? कोटेशन मागताना पट्टी, गाईड, स्प्रिंग, लॉकपट्टी, मजुरी असे वेगवेगळे आकडे लिहून मागा आणि भंगाराची वजावट पण लिहून घ्या. जो माणूस वेगळे आकडे द्यायला तयार नाही त्याला दुरुस्ती करायचीच नाहीये, हे समजून दुसऱ्याला बोलवा.

मोटरच्या शटरला माझा विरोध नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, मोठ्या गाळ्याला त्याचा उपयोग आहेच. पण लेखात तुम्ही सुरक्षेबद्दल काहीच लिहिलं नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिकडे गॅरेजचे दरवाजे आपल्यासारखे गुंडाळणारे नसतात, चार-पाच आडव्या फळ्यांचे, छताखाली सरकणारे, आणि तिकडे सुद्धा गाडी लागली तर आधी एक फळी बदलून मिळते का हेच बघतात, ते मॉडेल बंद झालं असेल तरच पुढचा विचार. घराच्या गॅरेजला जे मोटरचं यंत्र बसवतात, ते दरवाजा खाली येताना मध्ये मूल आलं, मांजर आलं तर उलटं वर नेणारं असलं पाहिजे आणि सेन्सर पाहिजे, हे तिकडे 1993 पासून कायद्यानेच आहे. आपल्याकडे किती जण मोटर बसवताना सेन्सर मागतात? विकणारा स्वतःहून सांगतो का? वीज गेल्यावर हाताने उघडायची साखळी आहे का, ती कुठे आहे, घरातल्या सगळ्यांना माहिती आहे का? हे लिहायला पाहिजे होतं त्या लेखात, रिमोटच्या रंगापेक्षा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि गाड्या, एवढे विषय घेतले. चांगलं आहे. पण घराला, दुकानाला लागणाऱ्या या लोखंडी वस्तूंचं काय? शटरच्या लॉकपट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर रंगवलेला असतो मोठ्या अक्षरात, त्याच्याच शेजारी गेज, पट्टीचं माप आणि बसवल्याचं वर्ष ठोकून दिलं तर पुढच्या मिस्त्रीला तुकडा घेऊन दुकानं फिरावं लागणार नाही. यात खर्च काहीच नाही. जिल्ह्यातल्या शटर बनवणाऱ्यांनी उद्यापासून करावं.

आणि शिकवण्याचं पण बघा कोणीतरी. आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर हे ट्रेड आहेत, पोरं शिकून बाहेर पडतात, पण शटरची पट्टी बदलणं, स्प्रिंगचा फेरा चढवणं हे जुन्या मिस्त्रींच्या हातातच राहिलंय. आमच्या मिस्त्रींची मुलं या धंद्यात नाहीत. चार दिवसांचा वर्ग घेतला, एखादं जुनं शटर आयटीआयच्या आवारात उभं केलं, तर हे हात तयार होतील आणि पोरांना गावातच काम मिळेल, कारण शटर नसलेली पेठ महाराष्ट्रात दाखवा मला.

तुमच्याकडे एवढीच विनंती आहे की पुढच्या पुरवणीत दुरुस्तीची बाजू पण तेवढ्याच जागेत छापा, आणि लिहायला एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बसवा, त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्याजवळ बसून लिहून घ्या. कोणी नाही मिळालं तर मी लिहून देते, पैसे नकोत.

आपली,
एक जुनी वाचक, विश्रामबाग, सांगली

ता. क. – हे वाचून कोणी स्वतः वरचा बॉक्स उघडायला जाऊ नका. खालची पट्टी तपासणं, गाईडमधली माती काढणं, कमरेपर्यंत उचलून तोल बघणं एवढं घरच्या घरी करा. स्प्रिंगमध्ये ताण भरलेला असतो, नट सैल केला की पाईप फिरतो आणि हातातला पाना उडतो, आमच्या शेडवर शिकाऊ पोराचं मनगट त्यात मोडलंय. स्प्रिंगला फक्त शटरच्या मिस्त्रीनेच हात लावायचा. आणि गाईडमध्ये ग्रीस भरू नका, धूळ चिकटून दगड होतो, कोरड्या फडक्याने पुसून मेणबत्ती घासली तरी पुरतं.